तेलाची चाल बंद पडल्याबद्दल

देवणी, ३ मे

प्रिय राजशेखरराव यांस देवणीहून तुमचे दाजी शिवमूर्ती यांचे शरणु शरणार्थी. सौ. मंजुश्रीला आशीर्वाद. इकडं आम्ही सगळे बरे आहोत, म्हणजे तुमच्या बहिणीचे गुडघे आणि माझं डोकं एवढं सोडून बाकी सगळं बरं आहे. गुडघ्यांना तेल लावून राहिलो. डोक्याला काय लावावं ते कळंना, म्हणून हे पत्र. तुमची शुगर कशी आहे? (मागल्या खेपेला 'आता एकदम ताब्यात आहे' असं म्हणत म्हणत तुम्ही चार बालुशाह्या खाल्ल्या. मी मोजल्या नाहीत, तुमच्या बहिणीनं मोजल्या.) नांदेडला ऊन कसं आहे हे विचारत नाही, कारण ते विचारलं की तुम्ही तिथल्या उन्हाचं असं कौतुक सांगता की जणू ते तुम्हीच घडवलं.

तुम्ही म्हणाल, दाजी, फोन असताना पत्र कशाला? तर फोनवर तुम्ही 'हां हां, बरं बरं' म्हणता आणि मागं टीव्ही चालू असतो. शिवाय माझं भांड्याचं दुकान भर बाजारात. मी फोनवर बोललो की शेजारचा किराणावाला गिऱ्हाइकाला थांबवून ऐकतो आणि घरी जेवायला जाईपर्यंत माझंच बोलणं मला वाटेत तिघं सांगतात. तेव्हा हे लिहून राहिलो. शाळा सातवीपर्यंत झाली, पुढचं सगळं रद्दीच्या पेपरात भांडी बांधता बांधता वाचून शिकलो. चूकभूल असेल ती तुम्हीच सांभाळून घ्या.

आता सरळ मुद्द्यावर येतो. दयानंद मास्तर बिघडला आणि तो तुम्ही बिघडवला.

दचकू नका, सांगतो. माघात मास्तरचे वरचे पुढचे दात गेले. लग्नसराई तोंडावर आणि क्लॅरोनेट वाजवणाऱ्याच्या तोंडात दात नाहीत, म्हणजे सगळ्या तालुक्याला घोर. मीच म्हणालो, मास्तर, नांदेडला आमचे मेहुणे आहेत, त्यांच्या ओळखीचा दातांचा डॉक्टर आहे, तिथं जाऊन कवळी बसवून ये. (हे मीच म्हणालो, हे तुमची बहीण मला दिवसातून दोनदा ऐकवते.) मास्तर तीन आठवडे तुमच्याकडं राहिला. दात झकास बसले, त्याबद्दल तुमचे उपकार आहेत. पण राजशेखरराव, माणूस दात बसवायला पाठवला होता, दातच बसवून परत पाठवायचा ना? बाकीच्या वेळात त्याला गुरुद्वारा दाखवायचा, गोदावरी दाखवायची, तुमच्या कॉलनीतला भाजीबाजार दाखवायचा. तुम्ही त्याला कुठं नेलं? हॉलमध्ये. बासरी ऐकायला. तेही एकदा नाही, तीनदा!

तुम्हाला वाटेल, बासरी ऐकली तर काय झालं? तुम्ही नांदेडला राहणारे, तुमच्या लेखी बँड म्हणजे करमणूक. देवणीत मास्तरचा बँड म्हणजे लग्नाचं घड्याळ आहे. मास्तरच्या चाली पाच, आणि पाचही चालींना नावं गावानं ठेवलेली. नवरदेवाचा परण्या घोडीवरून वाजतगाजत देवळातून निघाला की 'उठवणी'. ती ऐकली की घरोघरच्या बायका आरसा सोडतात. परण्या चौकात वळला की 'तेलाची चाल'. ती वाजली की शिवप्पा आचारी पुऱ्यांचं तेल चुलीवर चढवतो. (शिवप्पाच्या हाताला घड्याळ नाही आणि घड्याळावर विश्वासही नाही. चौकातून मांडवापर्यंत नाचत यायला पाऊण तास लागतो, पाऊण तासात तेल तापतं, लाटून होतं, अक्षता पडता पडता पहिला घाणा ताटात. अडतीस वर्षांत एक पुरी गार वाढली नाही.) मग 'मामाची चाल'. ती ऐकून नवरीचा मामा उठतो आणि नवरीला आणायला आत जातो. मग मांडवाच्या तोंडाशी हाराची चाल आणि शेवटी पंगतीची. एवढं बिनबोभाट काम सरकारी कचेरीतसुद्धा होत नाही. कुणी कुणाला हाक मारत नाही, कुणी धावत नाही. सगळं गाव आपापल्या जागी आणि मास्तर एकटा फुंकून राहिला.

आणि आम्ही त्याचे भक्त. ज्या लग्नाची पत्रिका नाही त्या लग्नालासुद्धा मी मास्तरसाठी गेलो आहे. लांब उभा राहून ऐकलं आणि आहेर करून न जेवता आलो. (न जेवता आलो हे तुमच्या बहिणीला पटत नाही.)

तर हा मास्तर नांदेडहून परत आला आणि दोन दिवस कुणाशी बोलला नाही. आम्हाला वाटलं, कवळी रुळायची आहे. मग दार लावून सराव सुरू झाला. मग त्यानं आपल्या अकरा माणसांना बोलावून सांगितलं की पाचही चाली विसरा. आता मी बसवलेलंच वाजवायचं, आणि सावकाश वाजवायचं. मोठ्या ढोलवाल्याला तर सांगितलं, मी मान हलवीन तेव्हाच एक टोला, नाहीतर हात खाली. आता तो ढोलवाला म्हणजे रेडा आडवा करील असा गडी. त्याला हात खाली धरून चाल म्हणणं म्हणजे शिक्षाच की. पहिल्या परण्यात तो सगळी वाट मास्तरच्या मानेकडं बघत चालला आणि दोनदा नालीत पडला.

तो पहिला परण्या कुणाचा, तर आमच्या ग्यानोबाच्या सत्यमचा. ग्यानोबाला तुम्ही ओळखता, मागल्या वर्षी तुमच्या गाडीत तुरीची दोन पोती टाकली ती त्याचीच, रानातली. भला माणूस. बँडमधलं काही बदललंय हे त्याला माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं. परण्या निघाला. पोरं कंबरेला रुमाल बांधून तयार, एक पाय वर उचललेला. मास्तरनं क्लॅरोनेट तोंडाला लावलं आणि एक सूर धरला. धरला तो धरलाच. पोरांनी वाट बघितली. पाय दुखायला लागले तसे एकेकानं खाली ठेवले. मग त्यांना हातांचं काय करावं ते कळंना. कुणी खिशात घातले, कुणी पाठीमागं बांधले, एकानं तर सरळ जोडले. घोडी चार पावलं चालली आणि थांबली. तिला ठेका लागतो, तो नाही म्हटल्यावर तिनं डोळे मिटले. नवरदेव वर बसून घोडीच्या कानाशी वाकून काहीतरी बोलून राहिला होता. काय बोलला ते सांगत नाही, शुभप्रसंग होता.

पुढं ऐका. ग्यानोबाची आत्या साखराबाई, वय पंच्याऐंशी, कानानं कमी पण सूर ओळखते. ती ओट्यावर बसली होती. तो लांबलचक सूर ऐकून तिनं पदर डोक्यावर घेतला आणि विचारलं, "कोण गेलं गं?" सुनेनं सांगितलं, "आत्या, आपल्या सत्यमचा परण्या हाय." साखराबाईला एवढंच ऐकू आलं की 'आपल्या सत्यमचा'. बाईनं हंबरडाच फोडला! आता साखराबाईचा हंबरडा साधासुधा नाही, तिच्या मागं आपोआप आठ-दहा बायका धरतात, तशी सवयच आहे. नवरदेव घोडीवर जिवंत, घोडी झोपलेली आणि ओट्यावर त्याच्या नावानं रडणं चाललेलं. सत्यमला शेवटी खाली उतरून आत्याच्या पाया पडून दाखवावं लागलं. त्यावर आत्या म्हणाली, "मग असं रडकं कशाला वाजवून राहिला रे तो मेला!"

इकडं मांडवात त्याहून बिकट. नवरीचा, म्हणजे पुनमचा मामा धर्माबादचा. तिकडं असल्या चाली नाहीत, म्हणून आल्या आल्या आम्हीच त्याला मामाची चाल तोंडानं वाजवून दाखवली होती आणि बजावलं होतं, ही ऐकल्याशिवाय उठायचं नाही. माणूस शब्दाचा पक्का. लिंबाखाली बसला तो बसलाच. भटजींनी अंतरपाट धरायला लावला, अलीकडं सत्यम, पलीकडं कुणीच नाही. तेवढ्यात बँड थांबला. (मास्तर म्हणतो तो 'विसावा' होता, चालीतच आहे.) मागच्या लोकांना वाटलं मुहूर्त लागला. त्यांनी टाकल्या अक्षता. त्यांनी टाकल्या म्हणून पुढच्यांनी टाकल्या. एकट्या सत्यमवर सगळ्या गावाच्या अक्षता पडल्या आणि नवरी आत आरशासमोर. तिला आणली तेव्हा लोकांच्या मुठी रिकाम्या. सतरंजीवरचे तांदूळ वेचून पुन्हा वाटले. आणि शिवप्पा? शिवप्पा गार कढईसमोर हात बांधून उभा. चारशे पानं मांडलेली. ग्यानोबा धावत आला, "आरं शिवप्पा, पुऱ्या कुठं हायत?" शिवप्पा शांतपणे म्हणाला, "परण्या चौकात तर येऊ दे." पाहुण्यांनी वांग्याची भाजी बुंदीबरोबर खाल्ली, राजशेखरराव. माझ्या डोळ्यांसमोर खाल्ली.

दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात बैठक भरली. 'चाल बचाव कृती समिती' स्थापन झाली. अध्यक्ष मी (माझं दुकान म्हणून), सचिव ग्यानोबा, सदस्य शिवप्पा आणि बाकी जे बसले होते ते. निवेदन मी लिहिलं. पहिलं वाक्य जमायला दोन चहा लागले. 'आम्ही खालील सह्या करणारे श्री. दयानंद मास्तर यांचे जुने चाहते असून त्यांच्या नव्या वाजवण्याने आमचे व आमच्या कार्यांचे अतोनात नुकसान झाले आहे.' सह्या एकशे त्रेचाळीस आणि अंगठे नऊ. शिक्कासुद्धा करून आणला.

तरण्या पोरांचं आंदोलन वेगळंच, ते फोनमध्ये. मास्तरच्या चाहत्यांचा एक ग्रुप होता म्हणे, दोनशेच्या वर माणसं. त्याचे दोन झाले, जुनी चाल आणि नवी चाल. नवीवाल्यांत शाळेतल्या गायनाच्या बाई, पोस्टातला एक कारकून, कॉलेजच्या काही मुली आणि सांगायला लाज वाटते, आपली ऋतुजा. माझी सख्खी नात! लग्न तेरा दिवसांवर आलेली मुलगी मेंदीची नक्षी बघायची सोडून आजोबांच्या समितीविरुद्ध लिहून राहिली. ते आम्हाला 'पुरीवाले' म्हणतात. आमची पोरं त्यांना 'झोपाळे' म्हणतात. कुणी रागानं ग्रुप सोडतो आणि चहा पिऊन पुन्हा येतो. मीही एक मोठा मजकूर टाइप केला, मास्तरला उद्देशून, चांगला खरपूस. तो चुकून ऋतुजाच्या सासरच्या लातूरच्या पाहुण्यांच्या ग्रुपात गेला. त्यात 'तुम्ही आम्हाला अडतीस वर्षं ओळखता आणि असा दगा देता' असं वाक्य होतं. पाहुणे दोन दिवस चिंतेत होते.

आणि कहर म्हणजे त्या नवीवाल्यांनी शोधून काढलं की पूर्वी देवणीच्या लग्नात सनई होती, मास्तरनं क्लॅरोनेट आणलं तेव्हा गावात असंच निवेदन निघालं होतं, सनई बचाव म्हणून, आणि त्यावर पहिली सही आमच्या वडिलांची होती. ही गोष्ट आता घरातली दोन माणसं सोडून कुणाला माहीत असायचं कारण नाही. त्यातला एक मी. दुसरी तुमची बहीण. पुढचं तुम्हीच समजा.

मग आम्ही तिघं, मी, ग्यानोबा आणि शिवप्पा, निवेदन घेऊन मास्तरच्या घरी गेलो. ग्यानोबाच्या गोठ्याला लागूनच घर आहे. मास्तर अंगणात बसून क्लॅरोनेट पुसत होता. ग्यानोबानं आधी सहानुभूतीनं विचारलं, "मास्तर, दातामुळं जोर लागंना का? तसं असंल तर सांग, दुसरे बसवू." मास्तरनं क्लॅरोनेट तोंडाला लावलं आणि तेलाची चाल दुप्पट वेगानं अशी वाजवली की कवळीची शंकाच नको. मी डोळ्यांनी बघितलं, शिवप्पाचा हात खिशातल्या काडेपेटीकडं गेला. मग मास्तर अर्ध्यातच थांबला आणि मला म्हणाला,

"बघितलं का अप्पा? ह्याला तुमी ऐकणं म्हणता?"

मी म्हणालो, "म्हणजे काय, अडतीस वर्षं ऐकून राहिलो."

"न्हाई. मी वाजवलं की ह्याला तेल आठवतं. मामाला नवरी आठवते. घोडीला पाय आठवतात. पोरांना दारू आठवते. मला कोण ऐकतं ते सांगा."

शिवप्पा दुखावला. "मी ऐकतो की! न ऐकता तेल ठिवतो का?"

तेव्हा मास्तरनं तुमच्या त्या हॉलचं सांगितलं. एक बाई बासरी घेऊन बसल्या, समोर पाचशे माणसं. तासभर वाजवलं. कुणी जेवलं नाही, कुणी नाचलं नाही, कुणी उठून पाणीसुद्धा प्यायलं नाही. झाल्यावर एक म्हातारा डोळे पुसत होता. "अप्पा, मी लाल कोट घालून हजार लग्नं वाजवली. माझ्याकडं तोंड करून कुणी बसलं न्हाई. लोक माझ्याकडं पाठ करून नाचतात." ग्यानोबा म्हणाला, "आरं, पण लग्न हाय मास्तर, हॉल न्हाई." मास्तर पुन्हा क्लॅरोनेट पुसायला लागला. मग मी, अध्यक्ष म्हणून, निवेदन पुढं केलं. त्यानं सह्या वाचल्या. पहिली माझी. ती बघून कागदाची घडी घातली आणि मला म्हणाला, "ऋतुजाच्या लग्नात वाजवीन तर नवंच वाजवीन, आणि आधी अर्धा तास तरी लोकांनी बसून ऐकावं. न्हाई जमलं तर येत न्हाई. आणि तुमच्याच दारात येत न्हाई म्हटल्यावर मग कुठंच न्हाई, क्लॅरोनेट विकून टाकतो." हे तो रागावून म्हणाला असता तर मी तिथंच चार शब्द ऐकवले असते. तो रागावला नव्हता.

तेव्हापासून नऊ दिवस झाले. मास्तरचा सकाळचा चहा वीस-बावीस वर्षं माझ्या दुकानात असतो. तो गल्ल्याजवळच्या पितळी घागरीवर ताल धरतो, मी त्याला म्हणतो पोचे पाडू नको. आता तो पलीकडच्या बाजूनं जातो, मान वळवत नाही. दुकानातला मुनीम अजूनही दोन कप मागवतो आणि दुसरा कप मला प्यावा लागतो. पित्त झालंय.

आणि लातूरचे पाहुणे एवढ्यावर टपून बसलेत. त्यांचा फोन आला, बँडचं जमत नसेल तर राहू द्या, आम्ही आमची डीजेची लॉरी आणतो, वर दिवे फिरतात, छातीत धडधडतं. अहो, माझ्या छातीत डॉक्टरनं एक नळी बसवली आहे, तिला कुठं नाचवू? ऋतुजाला विचारलं तर म्हणते, "माझ्या बारशाला मास्तर होते, शाळेत पहिली आले तेव्हा मास्तर होते. मास्तर नसतील तर मी आपली बसनं लातूरला जाते, तुम्ही वरातीत लॉरी नाचवा." तुमच्या बहिणीला विचारलं. ती भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, "तुमी समितीचे अध्यक्ष का नवरीचे आजोबा, ते आधी ठरवा, मंग मला विचारा." हा काय सल्ला झाला?

तेव्हा राजशेखरराव, थोडक्यात असं, की एका माणसाला दात बसवायला पाठवलं आणि माझी समिती, माझी नात, माझे व्याही, माझं पित्त आणि मास्तर, सगळं एकदम बिघडलं. गाठ तुम्ही मारली, तुम्हीच सोडवा. पत्र मिळताच निघा आणि मास्तरला चार गोष्टी समजावून सांगा, की बाबा रे, हॉल तो हॉल आणि परण्या तो परण्या. तुमचं तो ऐकेल. सौ. मंजुश्रीला लग्नाच्या चार दिवस आधीच घेऊन या. येताना ऊन टाळा.

आपला त्रासलेला,
शिवमूर्ती
(अध्यक्ष, चाल बचाव कृती समिती, देवणी)

ता. क. निवेदनाची एक प्रत सोबत जोडली आहे. तीवर तुमची सही करून पाठवा, म्हणजे नांदेडचाही पाठिंबा आहे असं म्हणता येईल.

ता. क. दोन. वरची सही घाई करून करू नका. एक गोष्ट लिहायची राहिली. मंगळवारी दुपारी एका गिऱ्हाइकाकडं ताटं पोचवायला गेलो होतो. येताना वाटेत मास्तरच्या घराची मागची भिंत लागते. (लागत नाही, जरा वळसा घालावा लागतो.) आत सराव चालला होता, मास्तर एकटाच. ऊन लई होतं म्हणून मी भिंतीच्या सावलीला दगडावर टेकलो. तीच चाल, सत्यमच्या परण्यातली. पहिल्यांदा माझा पाय हलायला बघत होता, ठेका सापडंना, मग तो गप्प बसला. मग मी वाट बघितली की आता चौक येईल, आता तेल येईल, आता मामा येईल. काहीच आलं नाही. ती चाल मला काही कर म्हणून सांगेचना. सत्तर वर्षांत मला काही न सांगणारं असं काही भेटलं नव्हतं, राजशेखरराव. दुकान, देवघर, तुमची बहीण, सगळे काही ना काही सांगतच असतात. मी बसून राहिलो. उठलो तेव्हा सावली गेली होती आणि डोक्यावर ऊन आलं होतं, तेही कळलं नाही. हे कुणाला सांगितलेलं नाही. अध्यक्षाला असलं सांगता येत नाही.

ता. क. तीन. तेव्हा तुम्ही या, पण मास्तरला समजावू नका. त्याला असं सांगा, की तुमची स्वतःची इच्छा आहे (माझं नाव काढू नका) की पंधरा तारखेला, हळद झाल्यावर, दिवस मावळायच्या आत शाळेच्या मैदानावर लोकांना बसवायचं आणि त्यानं वाजवायचं. अर्धा तास नाही, पाहिजे तेवढं. दुसऱ्या दिवशी परण्यातही त्याला वाटेल ते वाजवू दे. पुऱ्यांचं मी बघतो, शिवप्पाला घड्याळ घेऊन दिलंय. मामाला उठवायला ऋतुजानं तिची मैत्रीण ठेवली आहे. घोडी रद्द केली, जावई चालत येतील, तरुण आहेत. लातूरच्या लॉरीला मी नळीचं कारण सांगून टाकलं. फक्त सतरंज्यांची अडचण आहे. गावातल्या मागितल्या तर अर्ध्या तासात समितीला कळेल की त्या कशाला. तुमच्या कॉलनीच्या हॉलमध्ये असतात त्यातल्या मोठ्या बारा, टेम्पोत घालून, वर कडबा टाकून आणा. पत्र वाचून झालं की फाडून टाका. निवेदनही.

ता. क. चार. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात शिवप्पा आला. हातावर मी घेऊन दिलेलं घड्याळ, उलटं बांधलेलं. इकडंतिकडं बघून म्हणाला, "अप्पा, नांदेडला लिहून राहिलाव का?" मी म्हणालो, "हाव, समितीचं काम आहे." म्हणाला, "ग्यानोबा कालच फुटला. त्याच्या गोठ्याच्या पलीकडं मास्तर वाजवतो तर त्याची गाय म्हणं लवकर पान्हा सोडती. आता समितीत आपण दोघंच." मी म्हणालो, दोघं पुरे आहेत. तो जरा वेळ घागरी बघत उभा राहिला. मग म्हणाला, "तुमच्या पावण्याला एक सतरंजी सांगा की माझ्यासाठी. मागच्या बाजूची, कडंला. पण समितीला कळू देऊ नका."

तेव्हा तेरा आणा.